बाटली ५३-एन : १९ मृत्यूंकडे नेणारे तास

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. लस आली होती मुंबईच्या परळहून. तिच्यात प्लेगचे जंतू मेलेलेच होते. जीव घेतला तो बाहेरून शिरलेल्या दुसऱ्याच जंतूने. निर्जंतुक कामाची शिस्त कुठे तुटते आणि तुटल्यावर किती उशिरा दिसते, हे या घटनेइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

सहा वर्षे आधी

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात प्लेग फुटला. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे, थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागली की ती हलवून पाडायची, अशी त्यांची पद्धत होती. पुढे ही वाढ तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

काही महिने आधी

पंजाबात प्लेग वाढला. तिथल्या सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायचे ठरवले आणि परळकडे प्रचंड मागणी आली. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी अगारवर जंतू वाढवण्याची पद्धत घेतली आणि कार्बोलिक वगळले. तेवढ्या कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू मरतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते आणि शास्त्रदृष्ट्या ते बरोबर होते. मात्र आता बाटली भरण्यापासून शेवटच्या टोचणीपर्यंतची सगळी सुरक्षितता माणसांच्या हातांवर आली.

रसायनावर विसंबायचे की हातांच्या शिस्तीवर, हा प्रश्न आजच्या पेशी-संवर्धनात, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवताना, रोज समोर येतो. मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातले की हात सैल पडतो. थोडासा संसर्ग औषधाने दबून राहतो, मरत नाही. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचे काही बिघडवत नाही. म्हणून जाणकार प्रयोगशाळा नेहमीच्या संवर्धनात अँटिबायोटिक टाळतात.

काही आठवडे आधी

परळमध्ये बाटल्या भरल्या गेल्या. त्यांतल्या एकीवर क्रमांक पडला ५३-एन. हा क्रमांक नसता, तर पुढे दोष कुठे शोधायचा हेच कळले नसते.

सुमारे १६८ तास आधी

मुलकोवाल, ३० ऑक्टोबर. डॉ. इलियट लस टोचत होते. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. ५३-एन उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्याने बूच काढले.

सगळा घटनाक्रम या एका कृतीवर येऊन थांबतो. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. वर्षानुवर्षे सुप्त राहतात. कार्बोलिकमधल्या क्षणभराच्या बुडीने ते मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर लाल करून घ्यायला हवा होता, किंवा बाजूला टाकून दुसरा घ्यायला हवा होता.

आजच्या हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक कामाच्या कपाटात, कार्बोलिकची जागा ७० टक्के अल्कोहोलने घेतली आहे. हातमोजे, बाटल्या आणि हूडचा तळ पुसायला ते उत्तम. पण अल्कोहोलनेही बीजाणू मरत नाहीत. ते मारायला ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ किमान १५ मिनिटे लागते. पिपेटचे टोक बाटलीच्या बाहेरच्या अंगाला लागले, झाकण ओट्यावर उलटे पडले, तर फवारा मारून काम पुढे रेटायचे नाही. वस्तू बदलायची.

बाटली उघडल्यावर डॉ. इलियट यांना दुर्गंधी आली नाही. या साध्या निरीक्षणाला पुढे मोठे महत्त्व येणार होते. त्या बाटलीतून १९ जणांना टोचले गेले.

सुमारे १४४ तास आधी

पहिला दिवस संपला. लस घेतलेल्यांना नेहमी होतो तसा त्रास, वेगळे काही नाही. टोचल्या जागी प्राणवायू कमी असलेल्या ऊतीत बीजाणू जागे होऊ लागले.

पेशी वाढवायच्या फ्लास्कमध्येही हाच पहिला दिवस निर्णायक असतो. सस्तन प्राण्याची पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतात. संध्याकाळी आत गेलेला एक जिवाणू दुसऱ्या दिवशी मीडियम गढूळ आणि पिवळे करून ठेवतो. तो निदान दिसतो. मायकोप्लाझ्मा मीडियम गढूळ करत नाही. नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. त्याची तपासणी वेगळी आणि ठरावीक काळाने करावी लागते.

सुमारे ७२ तास आधी

जंतूंनी सोडलेले विष मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूकडे सरकत होते. स्नायूंना सैल सोडणारे संकेत ते बंद पाडते. वरून सगळे शांतच होते. तोवर चूक कुणाच्या लक्षात नव्हती.

शून्य तास

सुमारे आठवडा उलटला आणि जबडे आखडू लागले. ५३-एनमधून लस घेतलेले सर्व १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

त्यानंतर

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. बाटली गावात उघडण्याआधीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष काढून त्यांनी कार्बोलिक वगळण्यावर बोट ठेवले. हाफकिन यांना पद सोडावे लागले.

पण बाटली कित्येक आठवडे दूषित असती, तर धनुर्वाताच्या वाढीची घाण सुटली असती आणि साठलेल्या विषाने लक्षणेही लवकर दिसली असती. वास नव्हता आणि लक्षणे आठवड्याने आली. म्हणजे बीजाणू बाटली उघडताना शिरले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप साफ खोटा ठरल्याचे जाहीर केले. हाफकिन पुढे भारतात परतले, पण परळच्या प्रयोगशाळेत नव्हे. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. दरम्यान लसीवरचा विश्वास उडाला होता आणि पंजाबात प्लेगने माणसे मरतच राहिली.

ती शिस्त आजही तितकीच लागते. पोलिओच्या लसीचा विषाणू आज पेशींवर वाढवतात. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही माकडाच्या मूत्रपिंडापासून घेतलेल्या व्हेरो पेशींवर वाढवला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवाण मिळतात. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूरला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुले उद्या अशाच ठिकाणी हूडसमोर बसतील. त्यांना कळकळीने सांगायचे आहे. नवीन पेशी तपासणी होईपर्यंत वेगळ्या ठेवा. एका वेळी एकच पेशीवाण हूडमध्ये घ्या. मीडियमची एक बाटली सगळ्यांत वाटू नका. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि क्रमांक लिहा. काही पडले किंवा चुकून कशाला लागले, तर लगेच सांगा आणि ते टाकून द्या. आणि शिक्षकांनो, जो विद्यार्थी असे सांगेल त्याला रागावू नका. चिमटा कुणाच्याही हातून पडू शकतो. तो पुन्हा वापरायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात असते.