पेला, अंडे आणि ढोबळी मिरची : स्थिरवस्तुचित्रणातील शैलीचा शोध

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात तरुण सभासदांनी आपापल्या घरच्या ताटांची छायाचित्रे भिंतीवर मांडली होती. बहुतेक सारी मोबाईलवर टिपलेली, स्वच्छ आणि रंगांनी भरलेली. ताट थेट वरून पाहिलेले, खाली काळपट लाकडी फळी, कडेला झेंडूच्या पाकळ्या, कोपऱ्यात अर्धी दिसणारी पणती. कौतुक करीत आम्ही पुढे सरकत होतो, तोच मंडळातील एका वयोवृद्ध बाईंनी सुनेला हळूच विचारले, "यातले आपले ताट कोणते गं?" सूनबाई क्षणभर गोंधळल्या. त्यांनाही ते चटकन ओळखता येईना.

वस्तुतः ताटे एकसारखी नव्हती. एका घरची चकली भाजणीची, दुसरीकडची तांदळाच्या पिठाची. एका घरी करंजीवर कातण्याची नक्षी, दुसऱ्या घरी हाताने घातलेली मुरड. माळव्यात आल्यावर आमच्या फराळात शिरलेली लवंगेची शेव कुणाकडे होती, कुणाकडे अजूनही तिला ताटात जागा नव्हती. इतकी भिन्नता असूनही चित्रे मात्र एकाच घरातून आल्यासारखी दिसत होती. घरी परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला : निर्जीव वस्तूंच्या चित्राला पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा येतो तो कशाने? गेल्या पावणेदोनशे वर्षांतील काही छायाचित्रकारांच्या कामाकडे या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटले.

छायाचित्रणाचा आरंभच मुळी वस्तूंपासून झाला, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. आरंभीच्या काळात प्रकाशाची छाप उमटण्यास फार वेळ लागे. माणूस तेवढा वेळ निश्चल बसणे कठीण. भांडे, पुतळा किंवा फळ मात्र हलत नाही. फ्रान्समधील लुई दागेर यांनी १८३७ मध्ये आपल्या कार्यशाळेतील प्लास्टरच्या प्रतिमा आणि वेताने मढवलेली एक बाटली यांचे चित्र घेतले. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा चोवीस छायाचित्रांचा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. त्यात फडताळावर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे. अशी भांडी चोरीस गेली तर हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडेल, असा विचार टॅल्बट यांनी त्यासोबत मांडला आहे. म्हणजे त्या चित्राकडे ते घरातील मालाची यादी म्हणूनही पाहत होते. त्याच ग्रंथाचे शेवटचे चित्र टोपल्यांतील फळांचे आहे. तेथे मात्र यादीचा हेतू मागे पडून मांडणीची हौस दिसू लागते. यादी आणि मांडणी या दोन वाटा इतक्या लवकर फुटल्या होत्या.

आपल्याकडे कॅमेरा आला तो मुख्यतः माणसे आणि वास्तू टिपण्यासाठी. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात छायाचित्रणाकडे वळले. त्यांना होळकर दरबाराचे उत्तेजन मिळाले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. राजेरजवाडे, किल्ले, राजवाडे आणि मंदिरे यांचा त्यांनी मोठाच संग्रह उभा केला. आमच्या घरांतील जुने आल्बम पाहिले तरी तेच दिसते. मुंजीतला बटू, पगडी घातलेले आजोबा आणि नऊवारीतील आजी आहेत. ज्या तांब्याने पिढ्यान्‌पिढ्या पाणी प्यायले तो तांब्या कोठेच नाही. वस्तूंकडे नीट पाहण्याची वहिवाट आम्ही कॅमेऱ्याला लावलीच नाही.

ती वहिवाट लावू पाहणारे एक मोठे नाव रॉजर फेंटन यांचे. कायद्याचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर कॅमेरा घेऊन गेले होते. १८६० च्या उन्हाळ्यात त्यांनी फळे आणि फुले यांची एक मोठी चित्रमाला केली. द्राक्षांचे घोस, पीच, अननस, चांदीचे नक्षीदार पेले, झालरीचे कापड. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ते वाळण्याआधीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. त्या रसायनाला निळा रंग लवकर दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लालबुंद फळ चित्रात काळपट उतरे. रंगांची अशी उणीव असताना फेंटन यांनी द्राक्षावरचा धुरकट थर, पीचची लव आणि धातूवरची चमक ज्या सूक्ष्मतेने उतरवली, ती पाहून आजही आश्चर्य वाटते.

तरीही ही चित्रे पुष्कळ वेळ पाहिली, की त्यांतली मांडणी ओळखीची वाटू लागते. ती सतराव्या शतकातील डच चित्रकारांची आहे. त्या काळच्या जॉर्ज लान्स या इंग्रज चित्रकाराच्या फळांच्या चित्रांची आहे. छायाचित्रण ही कलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी फेंटन यांच्या पिढीला चित्रकलेची भाषा उसनी घ्यावी लागली, हे आपण समजू शकतो. पण १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात छायाचित्रांची गणना ललितकलांत न होता यंत्रांच्या विभागात झाली. त्याच वर्षी फेंटन यांनी छायाचित्रण सोडले, साहित्य विकून टाकले आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले. त्यांच्या निवृत्तीची कारणे अनेक असतील. आम्हांस एवढेच जाणवते, की हात इतका तयार झालेला असताना त्या हाताची स्वतःची भाषा घडण्यास जो काळ लागतो, तो त्यांच्या वाट्यास आला नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांचा. तरुणपणी त्यांनी धूसर, कोमल प्रतिमांची व्यक्तिचित्रे काढून नाव मिळवले. ती त्या काळची चालती शैली होती. १९२३ नंतरच्या मेक्सिकोतील वास्तव्यात त्यांची नजर बदलली. तेथे १९२५ मध्ये त्यांनी शौचकूपाच्या चिनी मातीच्या भांड्याचे चित्र तितक्याच आदराने घेतले, जितक्या आदराने इतर छायाचित्रकार देवळाचा कळस टिपतात. १९२७ मध्ये शंख-शिंपले आले, आणि मग १९२९ व १९३० मध्ये ढोबळी मिरची.

'पेपर नंबर ३०' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ऑगस्ट १९३० मधले. त्यातला तिसाचा आकडा आम्हांस फार बोलका वाटतो. मिरची कापडावर ठेवली, भिंतीशी ठेवली. मनासारखे काही होईना. शेवटी त्यांनी ती पत्र्याच्या नरसाळ्यात उभी केली. नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून परतणारा उजेड मिरचीच्या सर्व अंगांवर मंदपणे पसरला आणि तिची वळणे शिल्पासारखी उठून दिसू लागली. मागे टेबल नाही, सुरी नाही, स्वयंपाकघर नाही. भिंगाचे छिद्र अगदी बारीक करून काही मिनिटे उघडे ठेवायचे, आणि तोवर घरात कुणी पाय आपटू नये एवढीच प्रार्थना करायची. चित्रे झाल्यावर मिरची खाल्ली जाई, हेही त्यांच्या दैनंदिनीत आहे. नरसाळे तर कोणाच्याही घरात असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यास त्यांना मिरचीचे मागचे सारे प्रयत्न करावे लागले.

वेस्टन यांच्या चित्रांत वस्तू जगापासून सुटी केलेली असते. तिला तिच्या जागेसह पाहणारा छायाचित्रकार म्हणजे प्राग येथील योसेफ सुदेक. आम्हांस ते विशेष जवळचे वाटतात. कोलीन गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि पुस्तकबांधणीचा व्यवसाय ते शिकले. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाल्यामुळे त्यांचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. पुस्तके बांधणे संपले. एका हाताने तिपाई आणि अवजड कॅमेरा पेलत त्यांनी छायाचित्रण हाच व्यवसाय केला. १९२७ पासून प्रागमधील एका अंगणातील लहानशी लाकडी खोली हा त्यांचा स्टुडिओ होता. मदतीला बहीण बोझेना असे.

१९३० च्या दशकात त्यांनी एका प्रकाशनसंस्थेसाठी काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांची जाहिरातीची चित्रे केली. ती नेटकी, तीक्ष्ण आणि त्या काळच्या आधुनिक वळणाची आहेत. पण ती पाहून 'हे सुदेकच' असे म्हणावे, असे त्यांत फारसे नाही. मग १९४० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, शार्त्रच्या मंदिरातील एका पुतळ्याचे १९०० च्या सुमाराचे छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. ते निगेटिव्हइतक्याच आकाराचे होते; निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेले. त्यातील दगडाचा पोत पाहून सुदेक यांनी ठरवले, की आता चित्र मोठे करून छापायचे नाही. जेवढी निगेटिव्ह, तेवढेच चित्र. हे बंधन त्यांनी पुढे जन्मभर पाळले.

दुसरे बंधन काळाने घातले. चेक भूमी तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होती आणि कॅमेरा घेऊन रस्त्यांत हिंडणे धोक्याचे झाले होते. सुदेक घरात थांबले आणि त्यांनी आपली खिडकी पाहण्यास आरंभ केला. 'माझ्या स्टुडिओची खिडकी' ही चित्रमाला १९४० पासून १९५४ पर्यंत चालली. एकच काच. तिच्यावर कधी दव, कधी बर्फाची नक्षी, कधी ओघळणारे पाणी. पलीकडे अंगणातले एक वाकडे झाड. खिडकीच्या आतल्या कठड्यावर हळूहळू वस्तू येऊन बसू लागल्या : पाण्याचा पेला, एक अंडे, पावाचा तुकडा, सफरचंद, फुलाची एक डहाळी, चुरगळलेला कागद. पुढील दोन दशकांतील त्यांची साधी स्थिरवस्तुचित्रे याच सामग्रीतून झाली आहेत.

पेल्याचे एखादे चित्र पाहावे. पाणी अर्ध्याच्या वर, काचेच्या पैलूंत खिडकीचा उजेड तुटून अडकलेला, शेजारी अंडे. त्याची सावली काळी नाही, राखाडी आणि मऊ आहे. खाण्याची इच्छा व्हावी असे तेथे काही मांडलेले नाही. पण कोणीतरी या घरात राहतो, थोडके खातो आणि उजेड कलताना पाहत बसतो, हे त्या चित्रातून कळते. सुदेक १९७६ मध्ये वारले. तो लाकडी स्टुडिओ १९८५ मध्ये आगीत नष्ट झाला. २००० मध्ये त्याच जागी त्याची प्रतिकृती उभारण्यात आली.

यावर एक आक्षेप येऊ शकेल. एकान्तात खिडकीशी बसणाऱ्याचे ठीक. ज्याला मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रे काढून पोट भरायचे आहे, त्याने काय करावे? याचे उत्तर अर्व्हिंग पेन यांच्या कामात आहे. 'व्होग' मासिकासाठी त्यांनी केलेले पहिले मुखपृष्ठ, १९४३ मधले, वस्तूंच्या मांडणीचेच होते. आयुष्यभर त्यांनी ग्राहकांची कामे केली. तोच माणूस १९७० च्या दशकात रस्त्यावर टाकलेली सिगारेटची थोटके उचलून आणी आणि त्यांची चित्रे प्लॅटिनमच्या मोलाच्या प्रक्रियेने छापी. १९७७ मध्ये त्यांनी गोठवलेल्या भाज्या व फळे यांच्या विटा एकावर एक रचून चित्र केले. थोटूक असो की वीट, पार्श्वभूमी रिकामी आणि मांडणी काटेकोर. कामाचा मालक बदलला तरी पाहण्याची शिस्त त्यांनी बदलू दिली नाही.

या सर्वांच्या कामातून आम्ही जो बोध घेतला तो असा. शैली हवी म्हणून बसलेल्याच्या हाती बहुधा आधी कोणाचीतरी तयार शैलीच लागते. वेस्टन, सुदेक यांच्याही हाती आरंभी तीच लागली होती, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुढे त्यांनी वस्तू कमी केल्या, साधने कमी केली, जागा बदलली नाही, आणि तेच ते पुन्हा पाहण्याचा कंटाळा केला नाही. या दीर्घ सहवासात उसने होते ते गळून गेले. जे राहिले, त्यालाच आपण आज त्यांची शैली म्हणतो.

आमच्या तरुण सभासदांस म्हणून एक सुचवावेसे वाटते. काळी फळी आणि पाकळ्या काही दिवस बाजूला ठेवाव्यात. घरातील एकच वस्तू घ्यावी : आजीचा पोचे आलेला तांब्या, खलबत्ता, पुरणयंत्र, कल्हई उडालेले पातेले. ती जेथे नेहमी असते तेथेच राहू द्यावी आणि एक महिना, रोज, त्याच खिडकीच्या उजेडात तिचे चित्र घ्यावे. पहिल्या आठवड्यात सारी चित्रे सारखी वाटतील. नंतर पोचा कोणत्या वेळी दिसतो, पितळ सकाळी कसे असते आणि दिवेलागणीला कसे, हे कळू लागेल. हे काम लवकर व्हावे, अशी आमची विनंती आहे. आमचे जुने वाडे एकेक करून पडत आहेत, फ्लॅटमध्ये माळा नाही, आणि घर रिकामे करताना तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जातात. टॅल्बट यांच्या फडताळाइतकी साधी यादीही आम्ही केलेली नाही.

त्या बाईंच्या ताटाचा उलगडा अखेर झाला. सूनबाईंनी चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा ताटाच्या काठावर छिन्नीने कोरलेली तीन अक्षरे पाकळीखालून थोडीशी दिसली. सासऱ्यांच्या वडिलांचे नाव होते ते. पाकळी तेवढी नेमकी तेथेच पडली होती.