सुई कुठे गळाली?
पायलट प्रोजेक्ट देशभर नेताना काय गळतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनची सुईही टोचायच्या! तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. 2011 मध्ये केंद्राने हे काम देशभरच्या आशाताईंना दिलं. 42 दिवसांत सहा भेटी, बाळंतपण घरी झालं तर सात, मिळून 250 रुपये. सुई मात्र हातात दिली नाही. बाळ दवाखान्यात पाठवायचं. आणि भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो.