हार्डविक हॉल
इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातला दगडी प्रासाद. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’, हिने तो १५९० ते १५९७ या काळात बांधवून घेतला; आराखडा बहुधा रॉबर्ट स्मिथसनचा. काच महाग असतानाही दर्शनी भिंती खिडक्यांनीच भरल्या आहेत. त्यासाठी धुराडी बाहेरच्या भिंतींतून काढून आतल्या भिंतींत घेतली. मानाची दालने सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने खिडक्यांची उंची मजल्यागणिक वाढत जाते. काही खिडक्या मात्र निव्वळ देखाव्याच्या. मुख्य दिवाणखाना जुन्या रिवाजाप्रमाणे आडवा न ठेवता प्रवेशद्वारातून सरळ आत नेला आहे, आणि वास्तुरचनेच्या दृष्टीने खरे नावीन्य हेच. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर मालकिणीची ‘ई. एस.’ ही आद्याक्षरे दगडात कोरलेली असून ती दुरूनही वाचता येतात. विनयाचा येथे संबंध नाही. १९५९ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आहे.