गायबगळा

गुरांमागे चालणारा पांढरा बगळा. ढोरबगळा असेही म्हणतात. मुळशी तालुक्यात हिंजवडीलगतच्या नेरे परिसरासारख्या भातपट्ट्यात चिखलणीच्या वेळी तो हमखास दिसतो. उंची सुमारे ५० सेंमी., मान आखूड, चोच पिवळी व जाडसर, हनुवटीखाली पिसे फुगीर. विणीच्या काळात, साधारण पावसाळ्यात, डोके, मान व पाठ केशरी होतात. मग चूक होत नाही. घोटाळा हिवाळ्यात, सगळेच पांढरे असताना होतो. तेव्हा चोच व पाय पाहावेत. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी; चिखलातून पाय उचलला की पिवळे मोजे घातल्यासारखी दिसतात. मध्यम बगळा उंच, मान लांब. मोठ्या बगळ्याची जिवणीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. बांधावरचा मातकट पक्षी उडताना एकदम पांढरा झाला, तर तो वंचक. गायबगळा मासे क्वचितच खातो. गुरांच्या खुरांनी उडणारे नाकतोडे हे त्याचे मुख्य खाद्य. गुरे नसली तर ट्रॅक्टरही चालतो.