टाऊन हॉल आणि जोहरी बाजार

जयपूरला पोस्टिंग झाली की येणाऱ्या पाहुण्यांना हवामहल दाखवणे हे ठरलेले काम असते. जवळच्या सवाई मानसिंह टाऊन हॉलकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. १९५२ पासून पुढे जवळपास पन्नास वर्षे राजस्थानची विधानसभा इथे भरत असे. इथून बडी चौपड ओलांडली की जोहरी बाजार. मार्च १९६७ मध्ये जो प्रश्न या हॉलमध्ये सुटायला हवा होता, तो त्या बाजारात गेला.

त्या वर्षीच्या निवडणुकीत १८४ पैकी ८९ जागा काँग्रेसला मिळाल्या. बहुमताला हव्या होत्या ९३. स्वतंत्र पक्ष, जनसंघ आणि इतर विरोधकांनी अपक्षांना सोबत घेऊन डुंगरपूरचे महारावल लक्ष्मणसिंह यांना नेता निवडले आणि बहुमताचा दावा केला. महाराणी गायत्रीदेवी या आघाडीच्या पुढाऱ्यांपैकी एक. राज्यपाल संपूर्णानंद यांनी अपक्षांची गणती बाजूला ठेवली आणि सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून मोहनलाल सुखाडिया यांना बोलावले. शहर पेटले. ७ मार्चला जोहरी बाजारात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. विधानसभा बरखास्त झाली नाही, नुसती स्थगित राहिली. तेवढ्या दिवसांत काही आमदार इकडचे तिकडे झाले आणि २६ एप्रिलला सुखाडियांनीच शपथ घेतली.

आपण ब्रिटनकडून घेतलेल्या पद्धतीत मुख्यमंत्री जनता थेट निवडत नाही. ज्याच्यामागे सभागृह, त्याचे सरकार. विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा होते, कलमवार मतदान होते, मंजूर झाले की राज्यपालांच्या संमतीने कायदा होतो. प्रत्येक पायरीवर बहुमत लागते. अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारला जावे लागते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याचे कारण सांगितले होते: स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. सरकारची परीक्षा पाच वर्षांनी तर होतेच, पण सभागृहात रोजही होते.

जयपुरात १९६७ साली ही परीक्षा सभागृहाऐवजी राजभवनात घेतली गेली. बहुमताचा निकाल सभागृहातच लागला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात स्पष्ट केले ते १९९४ मध्ये. २०२० साली याच शहरात आमदार हॉटेलांत मुक्कामाला होते आणि अधिवेशन कधी बोलवायचे यावर मंत्रिमंडळ व राज्यपाल यांच्यात ताणाताणी चालली होती. अखेर १४ ऑगस्टला विधानसभेने गेहलोत सरकारवर विश्वास व्यक्त केला. रस्त्यावर गोळी चालली नाही.

गणवेशातल्या माणसाला यात काय? १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. काही आठवड्यांतच कारगिल सुरू झाले. ते युद्ध त्याच काळजीवाहू सरकारच्या हुकमाने लढले गेले. मोजणी सर्वांसमक्ष झाली होती आणि हरलेल्याने ती मानली होती. त्यामुळे नवी निवडणूक होईपर्यंत हुकूम कोणाचा, हा प्रश्न टोलोलिंगच्या चढावर असलेल्या जवानाला पडला नाही. सभागृहातली मोजणी आमच्या कामाची आहे ती एवढ्यासाठीच.