लाल दिव्याच्या अलीकडे : ध्वनिमुद्रणाच्या पातळीचा इतिहास

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हा माइक नव्हता, विद्युत-वर्धकही नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर गायचे, त्या आवाजाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर नागमोडी खोबण कोरायची. यंत्रणा एवढीच. आवाजाची पातळी ठरविण्याचे प्रमुख साधन म्हणजे गायकाचे कर्ण्यापासूनचे अंतर. आवाज क्षीण पडला तर तो तबकडीच्या खरखरीत बुडून जाई; फार चढला तर सुई भरकटून शेजारच्या खोबणीला भिडे. म्हणून अशा ध्वनिमुद्रणांत तार सप्तकाच्या वेळी गायकाला मागे सारावे लागे आणि मंद्रात पुन्हा पुढे आणावे लागे.

खाली गोंगाट आणि वर कडा, या दोहोंच्या मध्ये आवाज नेमका कोठे ठेवायचा, हा प्रश्न तेव्हापासून ध्वनिमुद्रणाची पाठ सोडत नाही. आज एखादा विद्यार्थी आठ ट्रॅकचा छोटा डिजिटल रेकॉर्डर घेतो, तेव्हा त्याला बहुधा हाच सल्ला मिळतो : लाल दिवा लागू न देता पातळी जितकी वर नेता येईल तितकी न्या. हा सल्ला आज चुकीचा आहे. मात्र तो देणारे अडाणी नव्हते; ज्या यंत्रांवर ते शिकले, त्यांच्यासाठी तो अगदी बरोबर होता.

१९२५च्या सुमारास माइक आणि वर्धक आले. गायकाला ढकलण्याऐवजी एक बटण फिरविणे शक्य झाले आणि त्याबरोबर पातळी डोळ्यांना दिसण्याची गरज निर्माण झाली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळा, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९मध्ये व्हीयू मीटर प्रचारात आणला. त्याची सुई मुद्दाम आळशी ठेवलेली असते. एकसारखा स्वर दिल्यावर तिला आपल्या जागेच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. आवाज कानाला साधारण किती मोठा वाटेल ते ती बऱ्यापैकी सांगते; क्षणिक शिखर किती उंच गेले, ते मात्र सांगत नाही. बीबीसीने त्याच काळात शिखरे दाखविणारा वेगळा मीटर पत्करला होता. दोन्ही परंपरा पुढे दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदल्या.

आळशी सुई चालून गेली, याचे श्रेय चुंबकीय टेपच्या स्वभावाला आहे. टेपवर पातळी वाढवत नेली तर चुंबकीय कण हळूहळू संपृक्त होतात. विकृती टप्प्याटप्प्याने वाढते, एकदम कोसळत नाही. क्षणिक शिखरे थोडी गोलसर होतात आणि पुष्कळांना तो गोलावा आवडतोही. टेपचा खरा शत्रू खाली होता : तिची अखंड सळसळ. मल्टिट्रॅक टेप आल्यावर हा शत्रू बळावला. सारख्या गोंगाटाचे दोन ट्रॅक एकत्र केले की गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. चोवीस ट्रॅक एकत्र केले की सुमारे १४ डेसिबलने. तेव्हा प्रत्येक ट्रॅक शक्य तितका वर भरणे, हा त्या काळातला शहाणपणाच होता.

या सळसळीवर तोडगा काढणाऱ्या रे डॉल्बी यांचा भारताशी संबंध आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. येथून परतल्यावर १९६५मध्येच त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांच्या पहिल्या पद्धतीत आवाजाचे क्षीण भाग मुद्रणाच्या वेळी उचलले जात आणि ऐकताना तितकेच खाली आणले जात. त्याबरोबर टेपची सळसळही सुमारे १० डेसिबलने खाली जाई. सर्व ट्रॅक भरून ठेवण्याची निकड तेव्हापासूनच थोडी सैल व्हायला हवी होती. सवयी मात्र यंत्रांइतक्या लवकर बदलत नाहीत.

मग डिजिटल यंत्रे आली. जपानच्या डेनॉन कंपनीने १९७२मध्ये आठ ट्रॅकचा, १३ बिटांचा रेकॉर्डर वापरात आणला. अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांनी १९७६मध्ये सांता फे येथील ऑपेराचे १६ बिटांत मुद्रण केले. १९८२मध्ये सीडी बाजारात आली. तरीही डिजिटल मल्टिट्रॅक ही कित्येक वर्षे श्रीमंत स्टुडिओंचीच मिरास राहिली. १९९१मध्ये जाहीर झालेल्या अलेसिस कंपनीच्या एडॅट यंत्राने ही स्थिती पालटली. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक, आणि किंमत चार हजार डॉलरांच्या आसपास. जगभर घराघरांत स्टुडिओ उभे राहू लागले, आणि टेपवर घडलेली माणसे आपली टेपची सवय घेऊन या यंत्रांसमोर बसली.

येथे भौतिकीच बदलली होती. डिजिटल यंत्र दर सेकंदाला हजारो वेळा आवाजाचे माप घेते आणि प्रत्येक माप एका आकड्यात लिहिते. सर्वांत मोठा आकडा म्हणजे मोजपट्टीचे शून्य. त्याच्या वर काहीही नाही. बाकीच्या सर्व पातळ्या उणे डेसिबलमध्ये, शून्याच्या खाली मोजतात. लहर त्या छताला टेकली की तिचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. टेपचा गोलावा येथे नाही, हळूहळू वाढणारी विकृतीही नाही. छताच्या एक पाऊल अलीकडे आवाज निर्दोष असतो. एक पाऊल पलीकडे माहिती कायमची नष्ट झालेली असते.

तळ कोठे आहे, हे बिटांवर अवलंबून. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल. तेव्हा १३ बिटांना ७८, १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबल मिळतात. आवाज उणे २० डेसिबलवर मुद्रित केला तर १६ बिटांच्या यंत्रात सुमारे सव्वातीन बिट वापराविना राहतात. सुरुवातीच्या रूपांतरकांमध्ये अतिक्षीण स्वर खडबडीत ऐकू येत. आकड्यांच्या पायऱ्या कानाला जाणवत. त्यात किंचित यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळला की ती खडबडीत विकृती निरुपद्रवी सळसळीत विरघळते, हे तंत्र पुढे सर्वत्र रुळले. तोवर ‘शून्याला चिकटून राहा’ ही सूचना माहितीपुस्तिकांत आणि माणसांच्या डोक्यांत पक्की बसली होती.

२४ बिटांनी तिचा आधारच काढून घेतला. १४४ हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात चांगला रूपांतरक ११५ डेसिबलच्या आसपास देतो. आता एक साधा हिशेब मांडू. शांत खोलीचा गोंगाट ३० डेसिबल धरा आणि माइकपाशी तबल्याचा सर्वांत जोरकस आघात ११० डेसिबल. म्हणजे खोलीच आपल्याला फक्त ८० डेसिबलचा पल्ला देते. तो आघात छताच्या २० डेसिबल खाली ठेवला, तरी यंत्राजवळ ९५ डेसिबल उरतात आणि खोलीचा गोंगाट यंत्राच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वरच राहतो. पातळी आणखी चढवून हाती काय लागते? काहीच नाही. वर सोडलेल्या या मोकळ्या जागेला हेडरूम म्हणतात. युरोपीय प्रसारकांच्या संघाने उणे १८ डेसिबल ही संदर्भपातळी मानली, अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांनी उणे २०. जुन्या व्हीयू मीटरचे शून्य त्यांनी डिजिटल मोजपट्टीवर इतके खाली बसविले. कारण सुईला न दिसणाऱ्या शिखरांना वर जागा हवी होती.

ती जागा आपल्या संगीताला विशेष लागते. तानपुऱ्याच्या संथ नादात सुई आणि शिखर यांचे फारसे वैर नसते. तबल्याच्या ‘ना’चे शिखर काही मिलिसेकंदांत येऊन जाते, सुई हलू लागेपर्यंत आघात ओसरलेला असतो आणि तिने दाखविलेल्या पातळीपेक्षा तो दहा-पंधरा डेसिबलनेही वर गेलेला असू शकतो. आलापाच्या वेळी ठरविलेली पातळी झाल्यात टिकत नाही, हा अनुभव तर प्रत्येक ध्वनिमुद्रकाचा. त्यातून गायन, संवादिनी, डग्गा, चाट असे वेगवेगळे आठ ट्रॅक असले आणि प्रत्येक ट्रॅक शून्याला टेकलेला असला, तर एरवी त्यांची बेरीज सुमारे ९ डेसिबलने चढते. समेवर सारे एकाच क्षणी एकवटले तर १८पर्यंत. १९९०च्या दशकातील डिजिटल मिक्सरांना ही बेरीज सहज झेपत नसे.

तबल्यासंबंधी आणखी एक गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, साध्या ढोलाचे अधिस्वर बेसूर असतात, पण मृदंग-तबल्याचे मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत येतात. याचे कारण पुडीवरची शाई. पुढे १९३४च्या निबंधात त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनांचे नमुने टिपले आणि पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून पाच सुसंवादी स्वर कसे मिळतात ते मांडले. हाच प्रयोग आज कोणी रेकॉर्डरवर करू म्हणेल आणि आघात छताला टेकलेला असेल, तर काय होईल? माथा कापलेल्या लहरीत मूळ आवाजात नसलेले अधिस्वर निर्माण होतात, आणि तेही नेमके पूर्णांकी पटीतच. पुडीने दिलेले कोणते आणि यंत्राने घुसडलेले कोणते, हे आलेखावरून वेगळे काढणे मग कठीण. निष्कर्ष रामन यांच्याशी जुळेल आणि तरीही तो प्रयोग फुकट गेलेला असेल.

संगीतकाराला निदान पुन्हा वाजवता येते. अंदमानच्या बो भाषेच्या शेवटच्या अस्खलित भाषक बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी निवर्तल्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज त्यापूर्वी मुद्रित करून ठेवला होता. त्या भाषेचे उच्चार ऐकायचे तर आता मुद्रणांखेरीज मार्ग नाही. भारतातील कित्येक लहान भाषांची मुद्रणे सध्या होत आहेत, बहुधा वृद्ध व्यक्तींच्या घरी, ओसरीवर, एका हाती यंत्र आणि दुसऱ्या हाती वही घेऊन. वृद्ध आवाज पुटपुटतो म्हणून पातळी वाढविली जाते. मग आजी अचानक हसते, नातवाला हाक मारते किंवा गाणे म्हणू लागते. नेमका तोच क्षण कापला जातो. कापलेला माथा जोडणारी संगणकप्रणाली आज मिळते, पण ती देते तो आजूबाजूच्या लहरींवरून बांधलेला अंदाज असतो. क्षीण मुद्रण नंतर वर उचलता येते, त्याबरोबर थोडी सळसळ वर येते इतकेच.

मीटरवरही पूर्ण विसंबता येत नाही. तो मोजलेले नमुने दाखवतो. दोन नमुन्यांच्या मधली लहर त्यांच्याहून उंच असू शकते, विशिष्ट स्वराला तब्बल ३ डेसिबलने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००६च्या शिफारशीत हे खरे शिखर मोजण्याची रीत दिलेली आहे. क्षेत्रकार्यात बोलणाऱ्याला आधी मोठ्याने हाक मारायला सांगावे, ते शिखर उणे १२च्या आसपास बसवावे आणि मग बटणाला हात लावू नये.

गेल्या काही वर्षांत ३२ बिटांच्या तरत्या दशांशात लिहिणारे छोटे रेकॉर्डर आले आहेत. त्यांपैकी अनेकांत एक रूपांतरक क्षीण आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी एकाच वेळी काम करतो, आणि त्या आकड्यांना व्यवहारात छतच नाही. पातळी ठरविण्याची गरज आता संपली, असे जाहिराती सांगतात. पण रूपांतरकाच्या अलीकडे माइक आहे आणि त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. त्यांची कमाल मर्यादा पूर्वी होती तेवढीच आहे. तेथे विकृत झालेला आवाज हे यंत्र अत्यंत अचूकपणे, त्या विकृतीसह लिहून ठेवते. ती टाळायची तर माइक थोडा मागे न्यावा लागतो. गाइसबर्ग यांच्या काळी गायकाला मागे सारत, आता माइक सरकवायचा.