बुधा, सोमा आणि दुमिंग

सिद्धगड म्हटला की २ जानेवारी १९४३ हा दिवस आठवतो. भूमिगत क्रांतिकारक भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील त्या दिवशी ह्या गडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवालांचे पाळण्यातले नाव विठ्ठल. लोकांच्या तोंडी मात्र ‘भाई’ हेच राहिले. आईबाप नाव ठेवतात, ते चालवतात लोक. आम्हांला आज लिहायचे आहे ते गडाच्या पायथ्याशी चालत आलेल्या नावांविषयी.

मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी ह्यांची वस्ती आहे. येथील आदिवासींत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल जुनी. सोमवारचा सोमा, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा शुक्र्या. शहरी कानाला ही नावे ओबडधोबड वाटतात. लिहिणाऱ्याने ‘बुधा’ऐवजी ‘बुद्धा’ लिहिले, तर त्याला ती सुधारणाच वाटेल. वास्तविक बुध हा ग्रह आणि बुद्ध म्हणजे जागा झालेला. दोन्ही शब्द ‘बुध्’ ह्या एकाच धातूपासून आले, तरी एक ‘द’ वाढला की मुलाचा जन्मवार पुसला जातो.

ह्या नावांना हसण्यापूर्वी आपण आपल्या घरातले बाप्तिस्म्याचे जुने दाखले काढून पाहावेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आणि मुरबाड हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते, आणि नावे ठेवण्याच्या रीतीतही त्यांचे नाते आहे. आपला दुमिंग म्हणजे पोर्तुगीज दोमिंगोस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रभूचा’. प्रभूचा वार तो रविवार. म्हणून रविवारी जन्मलेल्या मुलाला हे नाव देण्याची प्रथा युरोपात होती. पास्कोल हा पास्काचा, म्हणजे ईस्टरचा. नाताल हा नाताळचा. सोमा-बुधाला मात्र पोर्तुगीज जोड सापडत नाही. ग्रहांवरून पडलेली वारांची नावे सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्टिन ह्यांना खटकली, आणि पोर्तुगीज भाषेत सोमवार ‘दुसरा’, मंगळवार ‘तिसरा’ असे आकडेच रूढ झाले. आकड्यावरून मुलाचे नाव कोण ठेवणार? गंमत अशी की मार्टिन हे नाव ‘मार्स’वरून, म्हणजे मंगळावरूनच आले आहे. आपला मार्टिन आणि डोंगरातली मंगळी ही एकाच ग्रहाची लेकरे!

लेखनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १५३४ ते १७३९ ह्या पोर्तुगीज अमलात नावे आली ती बव्हंशी कानावाटे. वसई-गोव्याच्या बोलींत जुजे, इनास, मनवेल अशी रूपे घडली. ‘सान्तान’ हे नाव संत अ‍ॅनाचे. ते कोणी ‘संतान’ लिहिले की येशूच्या आजीचे नाव जाऊन केवळ मूलबाळ उरते. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले आणि ८ जून १८६२ रोजी संतपद लाभलेले गोन्सालो गार्सिया ह्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या नावातील ‘स’ पोर्तुगीज लिपीत शेपटीच्या ‘सी’ने, तर स्पॅनिशमध्ये ‘झेड’ने लिहितात. त्याच नावावरून आलेले आडनाव, अर्थ ‘गोन्सालोचा पुत्र’, वसईकराने महाप्राण देऊन ‘घोन्साल्विस’ केले. आम्हांला ह्यात अशुद्ध काही दिसत नाही.

अपरिचित नावाची अडचण धर्मगुरूंनाही होती. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे आईबाप ख्रिस्ती नावाला राजी न झाल्यास धर्मगुरूने त्यांच्या नावाला एका संताचे नाव जोडून दोन्ही वहीत लिहायची होती. १९८३ च्या संहितेत ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव नको, एवढीच अपेक्षा आहे. सोमा आणि मंगळी ह्यांनाही आता आडकाठी नसावी, असे आमचे मत आहे.

सरकारी नोंदीलाही घाई नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद नावाविना होऊ शकते. पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. तेवढ्या अवधीत पुस्तकातल्या याद्या चाळण्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांना आजोबांचे नाव नीट उच्चारायला सांगावे, आधी ते देवनागरीत लिहावे, आणि मग रोमी अक्षरे ठरवावीत.